पाणी पाजून परत घाण्याला

कंपनीकडून आलेला निरोप एका ओळीचा होता: "तीन महिन्यांत त्यांना परत फॉर्मात आणा." ज्यांच्याबद्दल तो होता त्या बाई एका मोठ्या डिझाइन टीमच्या प्रमुख. पहिल्या भेटीत त्याही जवळपास तेच म्हणाल्या, फक्त जरा हळू आवाजात. "मी अशी नव्हते हो. मला पूर्वीसारखं व्हायचंय." त्यांच्या पिशवीत चित्रांची वही होती, वर्षानुवर्षांच्या सवयीनं सोबत असते तशी. त्यांनीच पुढे केली म्हणून मी चाळली. शेवटच्या चित्राखालच्या तारखेला चौदा महिने झाले होते. त्यापुढच्या पानांवर मीटिंगचे मुद्दे.

मी कोच आहे. डिझाइन, जाहिरात, ॲनिमेशन, गेम, प्रकाशन अशा क्षेत्रांतल्या प्रमुखांसोबत काम करतो. (ओळख पटू नये म्हणून इथल्या माणसांचे तपशील बदललेत.) आणि बऱ्याच वर्षांनंतर माझं मत असं झालंय की वरच्या दोन्ही मागण्या कोचनं नाकारायला हव्यात, कंपनीचीही आणि त्या बाईंचीही. 'पूर्वीसारख्या' होऊन त्या परत जाणार कुठे? जिथे त्यांची ही दशा झाली तिथेच. घाण्याचा बैल बसला की त्याला सोडायचं, पाणी पाजायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि पुन्हा जुंपायचं, हे कितीही मायेनं केलं तरी घाणा तोच राहतो आणि फेराही तोच. लीडरशिप कोचिंग या नावाखाली आज जे विकलं जातं त्यातलं बरंचसं हे पाणी पाजणं आहे. मीही ते विकलंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

बर्नआउटला, म्हणजे त्या बाईंसारखं कामानं पार झिजून जाण्याला, मराठीत नेमका शब्द नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. मला उलट वाटतं. आपल्याकडे शब्द जास्त आहेत, आणि ते जास्त असणंच कामाचं आहे. माणूस शिणतो. माणसाला वीट येतो. माणूस खचतो. या तिन्हींत फरक आहे हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. शास्त्राला मात्र तिथे पोचायला थोडा वेळ लागला. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून बर्नआउटबद्दल लिहिलं. तिथले कार्यकर्ते झिजताना त्यानं पाहिले होते आणि स्वतःही झिजला होता. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी हे मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही जाणीव ओसरणं. म्हणजे शीण, वीट आणि खचणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि त्याचा नीट बंदोबस्त झाला नाही, की उद्भवणारी. कामाचं ठिकाण व्याख्येतच आहे, पण उपाय केले जातात ते माणसावर. तेही संध्याकाळी, घरी, ध्यानाच्या ॲपवर.

पहिल्या भेटीत मी विचारतो, शीण आहे, वीट आहे की खचल्यासारखं वाटतंय? जवळजवळ सगळे शीण म्हणतात. शीण प्रतिष्ठित आहे. "खूप दमलोय" म्हणताना आवाजात थोडा अभिमानही असतो. वीट आल्याचं लोक तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतात, खिडकीबाहेर बघत. नवा मुलगा उत्साहानं कल्पना मांडत असतो आणि यांच्या मनात पहिला विचार येतो, झालंय हे आधी, बस खाली. ज्या क्लायंटसोबत कधीकाळी रात्र रात्र हसतखेळत काम केलं, त्याचं नाव फोनवर दिसलं की पोटात ढवळतं. आणि खचल्याचं तर कुणी सांगतच नाही. ते मला दुसऱ्या वाक्यांतून ओळखावं लागतं. "तेव्हा मला कसं सुचत होतं कुणास ठाऊक" हे त्यातलं एक.

हा फरक शब्दांचा खेळ म्हणून सांगत नाही. तिन्हींचं औषध वेगळं आहे. शीण विश्रांतीनं जातो, म्हणून कंपन्यांचा आवडता उपाय म्हणजे रजा. सुट्ट्यांवर जे संशोधन झालंय त्यात एक गोष्ट सातत्यानं दिसते, की सुट्टीनं बरं वाटतं आणि ते बरं वाटणं परत आल्यावर काही आठवड्यांतच विरून जातं. यात नवल काही नाही. विटलेल्या माणसाला पंधरा दिवस लांब पाठवलं तर त्याला फक्त इतकंच कळतं की लांब असलं की बरं वाटतं. परतीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही.

आता, शिणतात तर सगळेच. या सर्जनशील मंडळींचं वेगळं काय? वेगळं हे, की ज्या कामामुळे त्यांना बढती मिळते ते काम बढती त्यांच्याकडून काढून घेते. चित्रं उत्तम काढायचा म्हणून आर्ट डिरेक्टर केला, आर्ट डिरेक्टर उत्तम होता म्हणून विभागाचा प्रमुख केला, आणि आता तो दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रांवर मत देतो. हिशेब विभागाचा प्रमुख झाल्यावर स्वतः बेरजा करायला मिळत नाहीत म्हणून कुणी हळहळल्याचं मी पाहिलेलं नाही. (असेलही कुणी.) पण जो माणूस या धंद्यात आलाच मुळी हातानं काहीतरी घडवण्याच्या ओढीनं, त्याचा पगार वाढवून ती ओढ बंद करणं म्हणजे विहीर बुजवून वर सुंदर बाग करण्यासारखं आहे.

त्यात मत देणं हे दिसतं तेवढं हलकं काम नाही. समोरच्याचं अर्धवट झालेलं काम, त्यात त्याला काय म्हणायचंय ते आधी समजून घ्यायचं, ते कुठे फसलंय ते शोधायचं, आणि माणूस न मोडता सांगायचं. हे दिवसातून आठ-दहा वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अपुरं सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यानं बिघडतं. रिव्ह्यूंनी भरलेलं कॅलेंडर म्हणजे मन तुकड्यातुकड्यांनी मागे ठेवत जायची सोयच. संध्याकाळी सातला या लोकांना कुणी विचारलं, जेवायचं काय, तर ते चिडतात. उरलेलं मत नसतं त्यांच्याकडे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे वीट थेट त्यांच्या हत्यारावर येतो. इतर कामांत विटलेला माणूस तुसडा होतो, पण काम करू शकतो. इथे पारख हेच भांडवल. तापात तोंडाची चव जावी तशी ती जाते, आणि चव गेलेल्याला सगळंच कडू लागतं नाहीतर सगळंच सारखं लागतं. मग दोनपैकी एक होतं: प्रमुख सगळं नाकारत सुटतो, किंवा सगळ्याला "चालेल" म्हणतो. हा "चालेल" मी मुद्दाम मोजायला सांगतो. टीममधल्या मुलांना तो बरोबर ऐकू येतो. साहेबांचा "चालेल" वाढला की त्यांच्याही कामातला जीव हळूहळू जातो, कारण जीव ओतून केलेलं आणि उरकलेलं यांना एकच उत्तर मिळतंय हे त्यांना कळलेलं असतं.

म्हणूनच 'वरच्या लोकांचे लाड' म्हणून या प्रश्नाची वासलात लावणारे मला पटत नाहीत. त्यांच्या रागाला कारण आहे, ते मी मान्य करतो. रात्री बारापर्यंत फाइल्स पाठवणारी कनिष्ठ मंडळी पिचत असताना त्यांच्या वरिष्ठाला महागडा कोच मिळतो, हे दृश्य देखणं नाही. पण त्या फाइल्स रात्री बाराला का जातात? बऱ्याचदा वरिष्ठाला दिवसा बघायला वेळच मिळालेला नसतो म्हणून. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वरच्या माणसाचं कॅलेंडर सुटलं की खालच्या वीस जणांची रात्र सुटते. कोचवर झालेला खर्च एवढ्यानं मोजला तरी पुरे.

आता माझी चूक. ज्याला मी कितीतरी दिवस माझं सर्वांत यशस्वी काम समजत होतो ते असं: एका स्टुडिओचे प्रमुख, चाळिशीतले, पार गळून आलेले. सहा महिने आम्ही नेटानं काम केलं. झोपेची वेळ, सकाळचा आराखडा, श्वासाचे व्यायाम, अवघड बोलणं कसं करायचं, राग कसा ओळखायचा. माणूस अक्षरशः उजळला. वार्षिक मूल्यमापनात त्यांची स्तुती झाली आणि त्यांच्याकडे आणखी दोन विभाग दिले गेले. कंपनीनं मला आभाराचं पत्र पाठवलं आणि आणखी तिघांना माझ्याकडे पाठवलं. मी खूश.

अकरा महिन्यांनी त्यांचा फोन आला. ऑफिसच्या पार्किंगमधून. चाळीस मिनिटं झाली, गाडीतून उतरता येत नाहीये, असं म्हणाले. आवाज शांत होता. थोडा वेळ गेला आणि मग ते म्हणाले, "तुमचा दोष नाही. तुम्ही खूप छान शिकवलंत. मी जास्त सहन करायला शिकलो."

त्या कंपनीत वाईट असं कुणीच नव्हतं. चांगल्या बैलाला जास्त ओझं, एवढाच तिथला हिशेब, आणि बैल चांगला करून देणारा मी. त्यानंतर मी पद्धत बदलली.

पद्धत म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. आधी हे बघायचं की हे माझं काम आहे का. वीट हा शक्यतो कामाचा असतो. आवडत्या माणसांतही, सुट्टीच्या दिवशीही काहीच गोड लागत नसेल, झोप आठवडेच्या आठवडे मोडली असेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर तिथे कोचनं स्वतःचं शहाणपण खिशात ठेवून डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, त्याच दिवशी. कोचिंगमधली सर्वांत परिचित संघटना, १९९५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन, तीही कोचकडून हेच अपेक्षिते. पण कोच व्हायला कायद्यानं कसलाच परवाना बहुतेक ठिकाणी लागत नाही. त्यामुळे काही महाभाग नैराश्यालाही 'माइंडसेट'चा प्रश्न म्हणतात. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

दुसरं, झोप. याबद्दल मी वाद घालत नाही, एक आकडा सांगतो. डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यावर जितकी घसरते तितकी घसरली होती. बऱ्याच देशांत तेवढ्या मद्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला वर्षातल्या सर्वांत मोठ्या पिचचा शेवटचा निर्णय मात्र घेऊ शकतो, आणि त्याला आपण समर्पण म्हणतो.

मग कॅलेंडर. मागच्या चार आठवड्यांचं, कागदावर छापून आणायचं. स्क्रीनवर चालत नाही, स्क्रीनवर लोक स्वतःला फसवतात. रंगीत पेन्सिली मी देतो. ज्या वेळात स्वतःच्या हातानं काही घडवलं तो चौकोन निळा. दुसऱ्याच्या कामावर मत दिलं तो पिवळा. मान्यता, बजेट, भरती, भांडणं सोडवणं हे सगळं लाल. आणि आपण तिथे का होतो हे आठवत नाही तो पांढराच ठेवायचा.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंनी पाऊण तास रंगवलं. लाल पेन्सिलीला दोनदा टोक करावं लागलं. पांढरे चौकोन इतके, की त्या स्वतःच हसल्या. निळा एकच, अर्ध्या तासाचा, तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी. त्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग आठवलं की त्या अर्ध्या तासात त्यांनी एका प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानाचा रंग बदलला होता, दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता म्हणून. त्यांनी खोडरबर मागितला.

यानंतरचं काम वजाबाकीचं, आणि खरी कुस्ती इथे आहे. दोन आठवडे प्रत्येक निर्णय वहीत टिपायचा, लहानसहानसुद्धा. बाईंचे ११२ झाले. त्यातले खरोखर फक्त त्यांनीच घ्यावेत असे किती, तर बऱ्याच चर्चेनंतर नऊ. मग बाकीचे? "अहो, पण मीच केलं तर लवकर होतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आलं की मी घड्याळ बघतो. ते खोटं नाही, खरंच लवकर होतं. आज. पण दर वेळी लवकर झाल्यामुळे दुसऱ्या कुणाला कधीच येत नाही, आणि मग पुढच्या वेळीही मीच. आपल्यावाचून अडतं, ही भावना फार गोड असते. थकलेल्या माणसाला तर तीच एक उरलेली गोड गोष्ट असते. म्हणून कंपनीला शिव्या घालून मोकळं होणारा कोच मला अर्धवट वाटतो. घाणा कंपनीचा खरा, पण जोखडाची गाठ बऱ्याचदा बैलानंच घट्ट करून घेतलेली असते, आणि हे त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगणारा कुणीतरी हवा असतो. घरचे सांगत नाहीत, हाताखालचे सांगू शकत नाहीत.

काम सोपवायचं म्हणजे नुसतं काम द्यायचं नाही, चुकण्याचा हक्कही द्यायचा. बाईंनी छोट्या जाहिरातींची अंतिम मान्यता एका सहकाऱ्याकडे दिली. पहिल्या महिन्यात दोन सुमार जाहिराती बाहेर गेल्या. क्लायंटनं काही म्हटलं नाही, जग बुडालं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंना लागलं ते हेच. "म्हणजे मी तीन वर्षं रात्री दहा वाजता जे तपासत होते ते..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

रिकाम्या झालेल्या वेळात काय घालायचं, यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: रणनीती, दूरदृष्टी, मोठा विचार. मी त्याच्या सक्त विरोधात आहे. त्या वेळात हाताचं काम परत यायला हवं. आठवड्यातून दोन अर्धे दिवस, फोन दुसऱ्या खोलीत, आणि जे होईल ते कुणालाही दाखवायचं नाही. सुरुवातीला ते वाईटच होतं. होऊ द्यावं. चौदा महिन्यांनी कागदाला हात लावलेल्याची रेघ थरथरणारच. पण खचलेल्या माणसाला 'तुझ्यात क्षमता आहे' हे कोच शंभर वेळा म्हणाला तरी पटत नाही, आणि स्वतःच्या हातून आलेली एक बरी रेघ पटते. मला माहीत असलेला खचण्यावरचा हा एकच उतारा आहे.

दोनच अर्धे दिवस कसे पुरतील, असं विचारणाऱ्यांना मी अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा अभ्यास सांगतो. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन शिकणारे विद्यार्थी त्यात होते. त्यातल्या सरस वादकांचा एकट्यानं केलेला रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास होता, आणि ते दुपारी झोपही जास्त काढत. या अभ्यासातून जगानं दहा हजार तास (एवढा रियाज केला की कुणीही तरबेज होतो, हा समज) उचलले. दुपारची झोप कुणी उचलली नाही.

इथे कुणीतरी म्हणतंच, की दबावाखालीच खरी कल्पना सुचते. डेडलाइन नसती तर आम्ही काहीच केलं नसतं. अर्धं खरं आहे. मलाही हा लेख डेडलाइनशिवाय झाला नसता. पण परवा द्यायचंय म्हणून आजचा दिवस पेटून काम करणं वेगळं आणि बारा महिने तेरा काळ परवा द्यायचंय अशा अवस्थेत जगणं वेगळं. दुसऱ्याचा हिशेब शरीर वेगळाच ठेवतं: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तणतणत उत्तम काम करणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात, कारण ते टिकले. न टिकलेल्यांची यादी कोण ठेवतो?

मग वाढ म्हणजे काय? कंपनीच्या भाषेत उत्तर सोपं आहे: जास्त माणसं, जास्त बजेट, लांब पदनाव. शेतकऱ्याची भाषा जरा शहाणी आहे. एकाच रानात तेच पीक वर्षानुवर्षं घेतलं की जमीन मार खाते, म्हणून तो पीक बदलतो, बेवड (त्या रानात आधी कोणतं पीक होतं ते) बघतो, कधी रान पडही ठेवतो. पड ठेवलेलं रान बघून कुणी त्याला आळशी म्हणत नाही. स्टेफान साग्माइस्टर हा डिझायनर दर सात वर्षांनी आपला न्यूयॉर्कचा स्टुडिओ वर्षभर बंद ठेवत आलाय, आणि पुढच्या सात वर्षांचं काम त्या एका वर्षातून उगवतं असं त्याचं म्हणणं. ऐकायला मोहक आहे. मात्र स्टुडिओ त्याचा स्वतःचा. नोकरीतल्या प्रमुखाला हे उदाहरण दिलं की तो कसनुसा हसतो, आणि बरोबर हसतो. त्याच्यासाठी मी मापच लहान करतो: वर्षातून एक प्रकल्प स्वतः करायचा आणि त्या काळात दुसरा एकही सांभाळायचा नाही. एवढं मिळवायलाही भांडावं लागतं.

कोचिंगचा उपयोग होतो का, याचा पुरावा आहे, पण तो बेतानं वाचावा. लिसेलॉट डर्बी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ८८ डॉक्टरांवरचा यादृच्छिक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्यांना फोनवरून कोचिंगच्या सहा बैठका, सगळा वेळ मिळून साडेतीन तास. पाच महिन्यांनी त्या गटाचा भावनिक थकवा सरासरी ५.२ गुणांनी उतरला, आणि ज्यांना कोच नव्हता त्यांचा १.५ नं चढला. साडेतीन तासांत एवढं, म्हणजे चांगलंच. पण माणसांबद्दलच्या कोरडेपणात, म्हणजे विटाच्या बाबतीत, दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. आमच्या धंद्याच्या जाहिरातींत पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही. मला दुसरं जास्त बोलकं वाटतं. शीण खोलीत बसून उतरवता येतो. वीट तिथे उतरत नाही, कारण तो तिथे चढलेलाच नसतो. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामातल्या सहा जागा सांगितल्यात जिथे माणूस आणि नोकरी यांचं बिनसतं: कामाचा भार, स्वतःच्या हातातला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, मूल्यं. यातल्या किती जागांना कोच आणि एक माणूस बंद दारामागे बसून हात लावू शकतात? ताण देऊन मोजलं तरी दीड.

म्हणून कोचिंग कुणाचं, हा प्रश्न मला कोचिंग कसं यापेक्षा मोठा वाटतो. दोन माणसांची भरती लांबवून त्याच पैशात एक कोच आणणं कंपनीला स्वस्त पडतं, शिवाय काळजी घेतल्याचं दिसतं. या व्यवहारात कोच गप्प राहिला तर तो व्यवहाराचा भाग झाला. माझ्या करारात आता एक अट असते. सुरुवातीला तिघांची बैठक: मी, तो प्रमुख आणि त्याचा वरिष्ठ. आमच्या दोघांतलं बोलणं गुप्त राहील, पण रंगवलेलं कॅलेंडर, प्रमुखाची हरकत नसेल तर, त्या टेबलावर येईल. आणि चौथ्या बैठकीच्या आत कामाच्या आकारात एक तरी बदल कंपनीनं करायचा: एखादी जबाबदारी काढा, माणूस द्या, मान्यतेची एक पायरी रद्द करा. नाही केला तर मी उरलेले पैसे परत करून बाहेर पडतो. ही अट वाचून बऱ्याच कंपन्या पुढे उत्तरच देत नाहीत. माझं उत्पन्न त्यामुळे घटलं, हे काही मी त्यागाचं उदाहरण म्हणून सांगत नाही. पार्किंगमधला दुसरा फोन मला परवडणार नव्हता.

बाईंच्या कंपनीनं अट मान्य केली होती, कुरकुरत. साप्ताहिक आढाव्याच्या दोन मीटिंग बंद झाल्या आणि भरतीचं काम दुसरीकडे गेलं. सहा महिन्यांत त्या सावरल्या. इतक्या छान, की मागच्या महिन्यात त्यांच्या वरिष्ठांनी बोलावून दुसऱ्या शहरातला विभागही त्यांनीच बघावा असं सुचवलं. वाढीव पगारासह.

त्यांनी एक आठवडा मागून घेतला. मला फोन केला नाही, हे मला फार आवडलं. पुढच्या सोमवारी त्या चार छापील पानं आणि पेन्सिलींचा डबा घेऊन वरिष्ठांच्या खोलीत गेल्या. पानं टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "करते की. यातलं काय काढायचं तेवढं तुम्ही सांगा." वरिष्ठ बराच वेळ पानांकडे बघत होते. निळ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय आहे? बाईंनी सांगितलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही. या आठवड्यात निळे चौकोन पाच आहेत.